चौसष्ट हजार येनची डिस्क

ओगोशिमा बेट, एहिमे
११ फेब्रुवारी २०२३

मिनेगिशीसान यांस,

मी मिसाओ फुतागामी. नावावरून ओळख लागायची नाही, म्हणून सांगते. वीस वर्षांपूर्वी मे महिन्यात तुम्ही माइकच्या अकरा पेट्या घेऊन आमच्या बेटावर आला होतात. शाळेच्या लाकडी सभागृहात आम्हा सव्वीस बायकांना गोल उभं केलंत, मधोमध झाडासारख्या फांद्यांचा माइकचा खांब लावलात आणि आमची संत्री तोडतानाची गाणी ध्वनिमुद्रित केलीत. तुम्ही "पुरे, पुरे" म्हणत असताना तिसऱ्यांदा मासेभात वाढणारी बाई आठवते? ती मी.

माझी धाकटी बहीण चिसे डिसेंबरात गेली. एकोणपन्नासाव्या दिवसाचे विधी झाल्यावर तिच्या नवऱ्याला, तोकुजीला, तुम्ही त्या गाण्यांची काढलेल्या पाच स्पीकरच्या डिस्कची आठवण झाली. तेव्हा ती तीन हजार दोनशे येनला होती आणि आमच्यातल्या एकीनेही घेतली नव्हती. घरात पाच स्पीकर होते कोणाकडे? आम्ही साधी सीडी घेतली. आता तोकुजीने मात्सुयामाला जाऊन जुने पाच स्पीकर आणि ती डिस्क वाजवणारं यंत्र आणलं, खोलीत मांडलं, आणि डिस्क शोधायला लागला.

तोक्योच्या एका दुकानात सापडली. काचेच्या कपाटात. फोन मी केला.

"आजी, ती दुर्मीळ वस्तू आहे. चौसष्ट हजार येन."

"तीन हजार दोनशेची होती की!"

"मग तेव्हा घ्यायची होती."

"अहो, मी स्वतः गायले आहे त्यात."

"मग तर तिची किंमत तुम्हाला कळायलाच हवी."

मिनेगिशीसान, माझ्या गळ्याची किंमत मला कळते. मला कळत नाही ते हे, की हे पैसे जातात कोणाच्या खिशात? तुमच्या जात असतील तर तसं सरळ लिहा. मी भांडायला मोकळी आहे, यंदाची तोडणी संपली आहे.

मिसाओ फुतागामी

*

नेरिमा, तोक्यो
२० फेब्रुवारी

श्रीमती फुतागामी यांस,

आपलं पत्र मिळालं. भगिनींच्या निधनाचं वाचून वाईट वाटलं. माझी सहवेदना स्वीकारावी.

आपल्या प्रश्नाचं उत्तर असं, की त्या चौसष्ट हजारांतला एक येनही माझ्याकडे येत नाही. आम्ही आठशे प्रती काढल्या. सहा वर्षांत जेमतेम सहाशे खपल्या. उरलेल्या प्रती चौदाशे येनला विकायला काढल्या, तरी कोणी घेईना. शेवटी एका व्यापाऱ्याने गठ्ठाच उचलला. पुढे आमची छोटी कंपनी एका मोठ्या कंपनीने विकत घेतली. ती आता सराउंड, म्हणजे पाच स्पीकरच्या, डिस्क काढत नाही. वस्तू मिळेनाशी झाली की तिला शोधणारे पैदा होतात, आणि ते भेटले की भाव चढतो. एवढंच घडलं आहे.

माझ्याजवळ प्रत नाही. आपली तीच गाणी आता महिन्याची वर्गणी भरून फोनवर ऐकता येतात. दोन स्पीकरचं ध्वनिमुद्रण आहे, पण स्वच्छ आहे. माझं प्रामाणिक मत सांगायचं तर त्यात आणि पाच स्पीकरच्या डिस्कमध्ये एवढा खर्च करण्याजोगा फरक नाही.

आपला,
शिगेताका मिनेगिशी

*

ओगोशिमा
२५ फेब्रुवारी

मिनेगिशीसान,

फरक नाही?

हे तुम्ही लिहिलंत? तुम्ही त्या सभागृहात खडूने जमिनीवर सव्वीस फुल्या काढल्या होत्यात. किनुए एक वीतभर सरकली तर तिच्यावर खेकसला होतात, "बाई, हलू नका! उद्या कोणी तरी इथे मधोमध बसणार आहे. त्याला तुम्ही तुमच्या जागेवर सापडल्या पाहिजेत." किनुए घरी जाऊन रडली होती. ती आता अठ्ठ्याऐंशीची आहे आणि अजून तुमचं नाव काढलं की तोंड वाकडं करते.

फोनवरचं ऐकलं आम्ही. सगळ्या बायका एका पातेल्यात शिजवल्यासारख्या लागतात. चिसे मागे डावीकडे, खिडकीजवळ उभी होती. ती कायम अर्धा श्वास उशिरा सूर धरायची, म्हणून गाणी बसवणाऱ्या गुरुजींनीच तिला मागे ठेवलं होतं. त्या पातेल्यात तोकुजी तिला महिनाभर शोधतो आहे. सापडत नाही. बिचारा म्हणतो, "ताई, माझेच कान गेले असतील."

त्याचे कान शाबूत आहेत. चिसे त्यात नाही. तुमच्या पाच स्पीकरांत आहे.

म्हणून विनंती करत नाही, सांगते आहे. मूळ टेप तुमच्या कंपनीकडे असेल तर डिस्क पुन्हा काढायला लावा. आम्ही रोख देऊन घेऊ, पण डिस्कच्या भावाने. दागिन्याच्या भावाने नाही.

मिसाओ

*

नेरिमा
१९ मार्च

मिसाओसान,

उत्तराला उशीर झाला, कारण मी कंपनीत जाऊन आलो. निवृत्त झाल्यावर नऊ वर्षांनी पहिल्यांदा कोट घातला.

समोर बसलेला गृहस्थ चाळिशीचा होता. वागायला अत्यंत सभ्य. म्हणाला, "मिनेगिशीसान, सराउंडला गिऱ्हाईक नाही."

मी म्हटलं, "मग चौसष्ट हजार देतो तो कोण?"

"तो संग्राहक. आपण नव्या प्रती काढल्या तर त्याच्याजवळच्या प्रतीचा भाव पडेल. त्याचा आपल्यावरचा विश्वास उडेल."

मी विचारलं, "आणि जिचा आवाज आहे तिचा विश्वास?" त्यावर त्याने मला चहा घेणार का विचारलं.

थोडक्यात, नकार. टेप त्यांची आहे आणि तिला हात लावायचा मला हक्क नाही.

आता एक कबुली. मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं होतं. माझ्याजवळ एक प्रत आहे, माझी स्वतःची. ती सोबत पाठवतो आहे. ऐका आणि सवडीने परत करा. किनुएसानना सांगा, वीस वर्षांनी माफी मागतो.

मिनेगिशी

*

ओगोशिमा
६ एप्रिल

मिनेगिशीसान,

तुम्ही खोटारडे आहात आणि देव तुमचं भलं करो.

डिस्क गुरुवारी सकाळच्या बोटीने आली. तोकुजीने आंघोळ केली, स्वच्छ सदरा घातला आणि पाच स्पीकरांच्या मधोमध उशी टाकून बसला. मी दाराशी उभी होते. पहिलं गाणं सुरू झालं. समोरून किनुए, उजवीकडून मी, एकेक बाई आपापल्या जागेवरून बोलायला लागली. तोकुजी ढिम्म. आणि मग मागून, डावीकडून, अर्धा श्वास उशिरा, चिसे आली.

त्याने मान वळवली, मिनेगिशीसान. वळून मागे पाहिलं. तिथे भिंत होती आणि तिची छत्री टांगायची खुंटी.

"उशिरा आलीस," एवढंच म्हणाला. आणि गाणं संपेपर्यंत तसाच, मान वळवून बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी बातमी फुटली. सव्वीसांतल्या आम्ही एकोणीस जणी उरलो आहोत. सगळ्या तोकुजीच्या घरी. एकेकीने उशीवर बसून स्वतःला शोधलं. किनुए ऐकून उठली ती फणकारूनच, "माझा आवाज इतका चांगला होता आणि मेल्यांनो, एकीनेही कधी सांगितलं नाही!"

आता सगळ्यांना ती डिस्क हवी आहे. मी म्हटलं, एकोणीस गुणिले चौसष्ट हजार, आणा. तर आमची फुमियो म्हणाली, "त्यापेक्षा पुन्हा गाऊ ना. मेलो कुठे आहोत?"

हसले सगळे. मी नाही हसले. शाळेचं सभागृह नगरपालिका डिसेंबरात पाडणार आहे. त्याआधी तुम्ही या. टेप कंपनीची असेल, पण गाणी आमच्या आज्यांची आहेत आणि गळे आमचे आहेत. त्यांवर कंपनीचा शिक्का नाही.

डिस्क सोबत परत करते आहे. पेट्या तयार ठेवा.

मिसाओ

*

नेरिमा
१२ एप्रिल

मिसाओसान,

डिस्क मिळाली. तोकुजीसानांबद्दल लिहिलंत ते पुन्हा पुन्हा वाचलं.

पण मी येऊ शकणार नाही. मी सत्त्याहत्तर वर्षांचा आहे आणि काम सोडलं आहे. ओसाकाच्या एका चांगल्या तरुण तंत्रज्ञाचा पत्ता सोबत देतो.

मिनेगिशी

*

ओगोशिमा
२० एप्रिल

मिनेगिशीसान,

तुमच्या चांगल्या तरुणाला फोन केला. त्याने विचारलं, "आजीबाई, पाच चॅनल कशाला? आजकाल सगळे फोनवर ऐकतात." मी फोन ठेवून दिला.

सत्त्याहत्तरचं कौतुक मला सांगू नका. आमच्या बेटावर सत्त्याहत्तरचा माणूस उतारावर फवारणी करतो आणि वर तरुण म्हणवून घेतो. वय हे कारण नाही. तुम्ही कंपनीला घाबरलात. चहा पाजून त्यांनी तुम्हाला गप्प केलं. तसं असेल तर तसं लिहा, म्हणजे मी तुमची वाट पाहणं सोडते.

मिसाओ

*

नेरिमा
३० मे

मिसाओसान,

चाळीस दिवस हे पत्र लिहितो आहे आणि फाडतो आहे.

कंपनीला मी घाबरलो नाही. माझा डावा कान गेला आहे. चार वर्षांपूर्वी एका सकाळी उठलो तेव्हा त्या बाजूने जग बंद झालेलं होतं. डॉक्टरांनी औषधं दिली, उपयोग झाला नाही. मुलीखेरीज कोणाला सांगितलेलं नाही. ज्या माणसाने आयुष्यभर लोकांना आवाज कुठून येतो ते दाखवलं, त्याला आता रस्त्यावर हाक कुठून आली ते कळत नाही.

मी तुम्हाला लिहिलं, फरक नाही. ते खोटं नव्हतं. माझ्यापुरता खरंच फरक नाही. ती डिस्क लावून मी मधोमध बसतो तेव्हा तुमची बहीण जिथे उभी आहे तिथे मला काही जाणवत नाही. तुमच्या पत्रात वाचलं की तोकुजीसानांनी मान वळवली, तेव्हा मीही डिस्क लावली आणि मान वळवून पाहिली. उजवा कान मागे केला. हो, आहे. अर्धा श्वास उशिरा. पण तसा कान फिरवला की पुढच्या बायका नाहीशा होतात. असा माणूस तुमचं काम कसं करणार?

आता कारण कळलं. वाट पाहणं सोडा.

मिनेगिशी

*

ओगोशिमा
४ जून

मिनेगिशीसान,

भित्रा म्हटलं ते मागे घेते. बाकी काही मागे घेत नाही.

तुमचा एक कान गेला. माझे दोन्ही आहेत. या वयातही गोदामात उंदीर कुठल्या पेटीखाली आहे ते मी अचूक सांगते. तुम्ही काम करा, मी तुमच्या डाव्या बाजूला बसेन. काय ऐकू येतं ते सांगेन, खोटं एक अक्षर सांगणार नाही. तुम्ही शिकवाल तसं ऐकेन. ऑक्टोबरात ध्वनिमुद्रणाच्या आठ दिवस आधी या आणि मला शिकवा.

मी तुमच्याजवळ बसले तर गायला उभी राहू शकणार नाही, हे मला कळतं. ते लिहून समजावत बसू नका. गाणाऱ्या अठरा आहेत. ऐकणारी एकच आहे.

बोट मित्सुहामा बंदरातून सकाळी नऊला सुटते. धक्क्यावर तोकुजी त्याचा छोटा ट्रक घेऊन येईल.

मिसाओ

*

नेरिमा
८ नोव्हेंबर

मिसाओसान,

घरी येऊन तीन आठवडे झाले, पण कपड्यांना अजून तुमच्या शेकोटीचा वास आहे. मुलगी म्हणते, धुवायला टाका. टाकत नाही.

कामाचं आधी. सगळ्या माइकच्या आवाजांचं अंतिम मिश्रण झालं. प्रत्येक टप्प्यावर तुमच्या टिपणांची वही समोर ठेवली. "दुसऱ्या गाण्यात मागची डावी बाजू झोपलेली आहे, उठवा." "फुमियो दोन ठिकाणांहून येते आहे, माणूस एका वेळी एका ठिकाणी असतो." पन्नास वर्षांत माझ्याशी असं कोणी बोललं नव्हतं. दर वेळी तुमचंच बरोबर निघालं. शाळेच्या त्या सामानाच्या खोलीत तुम्ही डोळे मिटून बसायचात आणि एकदम बोट दाखवायचात, "तिथे!" माझ्या बंद कानाच्या बाजूला ते बोट दिसायचं, आणि मला वाटायचं, ऐकू आलं.

चिसेसानच्या जागी टपाल वाटणाऱ्या कानाएला उभं करायचं तुम्ही ठरवलंत तेव्हा मला वाटलं होतं तोकुजीसानांना लागेल. ते येऊन म्हणाले, "ही तर घाईची आहे, आधीच सूर धरते." आणि तिला संत्री देऊन गेले. तुमच्या बेटावरच्या माणसांचा मला अंदाज येत नाही.

एक गोष्ट बोलायची राहिली. शेवटच्या दिवशी तुमच्या मैत्रिणी गात होत्या आणि तुमचे ओठ हलत होते, आवाज न करता. मी पाहिलं. या डिस्कवर सगळ्या आहेत, फक्त तुम्ही नाही. अजून वेळ आहे. सभागृह उभं आहे. म्हणत असाल तर एका गाण्यापुरतं येतो.

आता किंमत. कारखाना किमान पाचशे प्रती मागतो. ब्लू-रे डिस्क काढू, म्हणजे घरोघरी असलेल्या यंत्रावर वाजेल. खर्च धरून दोन हजार आठशे येनला देता येईल. पण वेष्टनाबद्दल तुमचा हट्ट मला पटत नाही. समोरच, चित्राच्या मधोमध, एवढ्या मोठ्या अक्षरांत किंमत? पन्नास वर्षांत इतकं कुरूप वेष्टन पाहिलेलं नाही.

मिनेगिशी

*

ओगोशिमा
१५ नोव्हेंबर

मिनेगिशीसान,

कुरूप असू दे. काचेच्या कपाटात ठेवायला लाज वाटली पाहिजे, म्हणूनच आहे ते. मजकूर हाच राहील: "दोन हजार आठशे येन. याहून जास्त देऊ नका. मिळत नसेल तर आम्हाला लिहा, आणखी काढू." खाली माझा पत्ता आणि फोन. किनुए म्हणते, अक्षरं आणखी मोठी करा, तिला चष्म्याशिवाय वाचता आली पाहिजेत.

माझ्यासाठी एका गाण्यापुरतं यायची गरज नाही. मी आयुष्यभर त्या बायकांच्या मध्ये उभी राहून गायले. शेजारणीचा आवाज आणि स्वतःचा, एवढंच ऐकू यायचं. त्या आठ दिवसांत पहिल्यांदा सगळ्या ऐकल्या. कोण कोणाला सांभाळून घेते, कोण श्वास चोरते, कोणाचा आवाज नवरा गेल्यापासून खाली बसला आहे. हे त्यांच्यातल्या एकीलाही माहीत नाही, मला माहीत आहे. मी काही गमावलेलं नाही. माझ्याकडे दयेने पाहू नका, मला राग येतो.

कारखान्याला कळवा. पाचशे.

मिसाओ

*

ओगोशिमा
२ मार्च २०२४

मिनेगिशीसान,

सभागृह १२ डिसेंबरला पाडलं. आम्ही पाहायला गेलो नाही, त्या दिवशी तोडणी होती. पाडणाऱ्या यंत्राचा आवाज वर बागेपर्यंत येत होता. फुमियोने गायला सुरुवात केली, मग सगळ्याच गायल्या. त्यात मीही.

डिस्क जानेवारीत आल्या. मला वाटलं होतं पाचशे संपायला माझं आयुष्य पुरायचं नाही. तोकुजीचं गोदाम भरलं, संत्र्यांना जागा उरली नाही. पहिल्या आठवड्यात सव्वीस गेल्या, त्याही नातेवाइकांत. मग कोणी तरी त्या कुरूप वेष्टनाचा फोटो इंटरनेटवर टाकला. त्यानंतर फोन थांबेना. होक्काइदोहून, नागोयाहून. एक माणूस म्हणाला, "मी तुमची जुनी डिस्क साठ हजारांना घेतली होती." मी म्हटलं, "मग तुमचं घर मोठं असेल, दोन घ्या." त्याने चार घेतल्या. पाचशे फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात संपल्या. कारखान्याला आणखी पाचशे सांगितल्या, त्यांतल्या दोनशे पुन्हा गेल्या आहेत. पाकिटं बांधून किनुएचा अंगठा सुजला. तिला म्हटलं बस, तर म्हणते, "मी गायले आहे, मीच बांधणार."

आणि काल तुमच्या त्या सभ्य गृहस्थाचं पत्र आलं. कंपनीला आमचं नवं ध्वनिमुद्रण विकत घ्यायचं आहे. रक्कम मोठी आहे. आकडा इथे लिहीत नाही, तोकुजीने बोट ठेवून शून्यं मोजली. त्यांना मर्यादित आवृत्ती काढायची आहे: तीनशे प्रती, प्रत्येकीवर क्रमांक, लाकडी पेटी, बारा हजार येन. आणि आमच्या प्रती विकणं बंद करायचं, म्हणजे त्यांच्या पेट्यांची शान राहील.

मी सगळ्यांना बोलावलं. एकोणीस जणी, तोकुजी आणि कानाए. पत्र मोठ्याने वाचलं. रक्कम दोनदा वाचली, कारण किनुएने पुन्हा विचारली. त्या पैशात बऱ्याच जणींची छपरं नवी झाली असती, मी खोटं कशाला लिहू? मग कानाए म्हणाली, "म्हणजे उद्यापासून मागणाऱ्याला नाही म्हणायचं?" हा प्रश्न कोणालाच आवडला नाही. फुमियो उठली आणि उरलेली पाकिटं बांधायला लागली. मग बाकीच्याही उठल्या. मतं मोजायची वेळच आली नाही.

मी आजच उत्तर टाकलं. त्यांनी खाली एक छोटासा प्रश्नही विचारला होता, व्यापाराच्या भाषेत: ही डिस्क बाजारात नेमकी किती काळ उपलब्ध ठेवायचा आमचा इरादा आहे? बाकी कशाला उत्तर दिलं नाही. त्याखाली एक ओळ लिहिली:

"मागणारा असेपर्यंत."

कारखान्याला विचारून ठेवा, तिसऱ्या पाचशेला किती दिवस लागतील?

मिसाओ